आईचं एकेरी तिकीट

ऑफिसात त्याला सगळे सवलतराव म्हणायचे. नाव कुणीतरी चेष्टेनं ठेवलं होतं, पण त्यानं ते पदवीसारखं मिरवलं. विमा कंपनीच्या दावे विभागात तो बसायचा. लोकांचे दावे नामंजूर करणं हा त्याचा पोटापाण्याचा धंदा, आणि लांबच्या विमानप्रवासाची स्वस्त तिकिटं शोधणं हा त्याचा खरा धर्म. ऑफिसातलं कुणी परदेशी निघालं की व्हिसाच्या आधी त्याच्या टेबलापाशी यायचं. मग सवलतराव चष्मा कपाळावर चढवायचा, खुर्ची मागे रेटायचा आणि प्रवचन सुरू करायचा.

"गरज दाखवायची नाही. एकाच फोनवरून दोनदा भाव बघितलात की संपलं, त्यांना कळतं तुम्ही अडलेले आहात. विमान कंपनी म्हणजे भाजीवाला नव्हे, घासाघीस चालत नाही. आपण तोंड फिरवून चालायला लागायचं, की मागून हाक येते."

हाक येते की नाही, हे कुणी तपासलं नव्हतं. लेखा विभागातल्या एका नवविवाहित जोडप्याला त्यानं तीन विमानं बदलत मधुचंद्राला पाठवलं होतं. ते पोहोचले तेव्हा त्यांच्या दोन्ही बॅगा हरवल्या होत्या आणि एकमेकांशी बोलणं बंद झालं होतं. "पण वाचले किती, ते विचारा ना," सवलतराव नंतर महिनाभर सांगत फिरला.

गंमत म्हणजे तो स्वतः कधी समुद्र ओलांडून गेला नव्हता. दरवर्षी जायचं ठरवायचा, भाव बघायचा, अजून उतरेल म्हणून थांबायचा, आणि भाव चढला की "लुटारू आहेत साले" म्हणत समाधानानं घरी बसायचा. न काढलेल्या तिकिटाइतकं स्वस्त तिकीट जगात दुसरं नसतं.

घरी तो, बायको आणि आई. आई सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेली नर्स. सगळी हयात वॉर्डात गेल्यामुळे तिला दोन खोडी होत्या. एक, दिसेल ते बोलायचं. दोन, कुणी पलंगावर आडवं दिसलं की त्याला उठवायचं. मागच्या बाजूची, सकाळचं ऊन येणारी खोली तिची. याच खोलीवर बायकोचा डोळा होता. डॉक्टरांनी तिला रोज चालायला सांगितलं होतं. घराबाहेर रस्ता होता, रस्त्यापलीकडे बाग होती, बागेत चालायला खास फरसबंद वाट होती. पण बायकोला चालायचं यंत्र हवं होतं, आणि यंत्राला खोली हवी होती.

"आईंना जरा बदल मिळाला तर बरं," बायको एकदा जेवताना म्हणाली. सासू तेव्हा बागेत गेली होती. "धाकट्या भावजींनी आजवर एकदा तरी नेलंय का? सगळं आपणच करायचं. त्यांचंही काही कर्तव्य आहे की नाही?"

सवलतरावाला कर्तव्याचं फारसं वाटलं नाही, पण धाकटा भाऊ राहत होता अर्ध्या पृथ्वीपलीकडे. म्हणजे लांबचं विमान. त्याचे डोळेच लकाकले. दुसऱ्याच दिवशी त्यानं धाकट्याला फोन लावला.

"आई तुझ्याकडे यायचं म्हणतेय."

आई तसं काही म्हणाली नव्हती.

"अरे वा! येऊ दे की," धाकटा म्हणाला. मागे काहीतरी आपटल्याचा आवाज आला, बहुधा त्याच्या बायकोच्या हातातलं भांडं. "किती दिवसांसाठी?"

"बघू. तिला करमेल तसं."

"म्हणजे परतीचं कधीचं काढतोयस?"

"परतीचं आत्तापासून कशाला? एकेरीच काढतो. तिला उगाच बांधल्यासारखं नको व्हायला."

"दादा, बांधलेलं बरं असतं. परतीची तारीख ठरलेली असली की माणसं मजेत राहतात."

"कोण माणसं?"

"सगळीच," धाकटा म्हणाला आणि त्यानं लगेच विषय बदलला. "इकडे थंडी फार रे. तिचे गुडघे..."

"उलट कोरडी हवा गुडघ्यांना उत्तम. इथे दमटपणानं बिचारीचे हाल होतात."

अशी बरीच घासाघीस झाली. दोन्ही भावांचं आईवर इतकं प्रेम होतं, की ती दुसऱ्याकडे सुखात राहावी असं प्रत्येकाला मनापासून वाटत होतं. शेवटी धाकट्यानं हात टेकले. दादा मोठा होता, आणि बोलायचं थांबतच नव्हता.

आता तिकीट. सवलतराव कामाला लागला, आणि पहिल्याच दिवशी त्याला घाम फुटला. लांबच्या विमानांचा एक उफराटा कायदा असतो, तो त्याला ऐकून माहीत होता पण कधी अंगावर आला नव्हता. नुसतं जायचं तिकीट जाऊन-येऊनच्या तिकिटापेक्षा महाग होतं.

"म्हणजे आईंना पाठवून परत आणणं स्वस्त?" बायकोनं विचारलं.

"हो. नुसतं पाठवणं महाग."

"हा कुठला न्याय?"

"परतीचं काढायचं आणि वापरायचं नाही, असंही करतात लोक."

बायकोनं त्याच्याकडे असं बघितलं, जसं दावे विभागात तो दावेदाराकडे बघायचा. "तुमच्या आईंनी आजवर सुतळीचा तुकडा फेकलाय का कधी? परतीचं तिकीट हातात असलं तर त्या येणार. ठरल्या दिवशी, ठरल्या वेळेला, बॅग घेऊन दारात उभ्या."

सवलतराव कात्रीत सापडला. दोन्हीकडचं काढावं तर आई परत येते. एकेरी काढावं तर जास्त पैसे देऊन इभ्रत जाते. आजवर त्यानं जी तत्त्वं टेबलाटेबलावर जाऊन शिकवली, ती त्याच्याच गळ्यात येऊन पडली. दोन दिवस तो दाव्यांच्या फायली उघडायचा आणि तशाच मिटायचा. त्या दोन दिवसांत कितीतरी लोकांचे दावे चुकून मंजूर झाले.

तिसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत तो खुर्चीतून ओरडतच उठला. आजूबाजूचे डबे सोडून धावले.

"सापडलं!" त्यानं पडद्यावर बोट ठेवलं. "हे बघा. धाकट्याच्या शहरापर्यंतचं एकेरी तिकीट महाग. पण हेच विमान घ्यायचं, धाकट्याच्या शहरात उतरायचं आणि तिथून छोट्या विमानानं पुढे एका बंदरगावाला जायचं, असं तिकीट काढलं तर निम्म्यात! लांब जायचं ते स्वस्त, आणि जवळ जायचं ते महाग."

"पण तुम्हाला बंदराला कुठे जायचंय?" टायपिस्ट बाईंनी विचारलं.

"जायचंच नाही! मधे उतरायचं आणि पुढचं विमान सोडून द्यायचं."

टायपिस्ट बाईंनी डब्याचं झाकण लावलं. "कमाल आहे बाई," त्या म्हणाल्या. ते कौतुक होतं असं सवलतरावानं धरलं.

संध्याकाळी त्यानं आईला समोर बसवून सगळं समजावलं. लॅपटॉप मांडीवर होता, आणि त्या भावाची मुदत पडद्याच्या कोपऱ्यातल्या घड्याळात मिनिटा-मिनिटानं संपत होती. त्यामुळे त्याचं अर्धं लक्ष आईकडे आणि अर्ध्याहून जास्त तिकडे होतं.

"धाकट्याच्या शहरात उतरलीस की सरळ बाहेर यायचं. पुढच्या विमानाकडे बघायचंसुद्धा नाही."

"तिकीट पुढपर्यंत आहे ना?"

"आहे. पण तू जायचं नाहीस."

"मग माझी जागा रिकामी जाईल?"

"जाऊ दे."

"ते नाव पुकारतील माझं. माणूस आलं नाही म्हणून खोळंबून राहतील."

"पुकारू दे आई! विमान कंपनीची दया कसली येते तुला? आणि हो, मोठी बॅग द्यायची नाही. दिलीस तर ती शेवटपर्यंत जाईल, बंदराला. सगळं हातातल्या छोट्या बॅगेत बसवायचं."

"परत कधी यायचं, ते सांगितलं नाहीस."

"ते बघू पुढे."

आईनं पदरानं चष्मा पुसला. मग म्हणाली, "ते बंदर कुठलं म्हणालास?"

त्यानं नाव सांगितलं.

"तिथे तर आमच्या दवाखान्यातली मेट्रन राहते. लेकीकडे गेली ना, तीच. मागच्या महिन्यात पडली, खुब्याचं हाड मोडलं. लेक दिवसभर कामाला. मला म्हणत होती, तू असतीस तर..."

"हं, हं," सवलतराव म्हणाला. भाव संपायला दीड मिनिट उरलं होतं. "आई, पासपोर्टवर तुझं नाव कसं लिहिलंय? आधी आडनाव की नंतर?"

आईनं सांगितलं. त्यानं बटण दाबलं आणि तिकीट निघालं.

निघायच्या दिवशी सकाळी वजनाचा खेळ झाला. हातातल्या बॅगेला सात किलोची मर्यादा होती, आणि म्हाताऱ्या माणसाचा संसार सात किलोंत कोंबायचा होता. सवलतरावाकडे यावरही तोड होती. अंगावर घातलेल्या कपड्यांचं वजन करत नाहीत. आईला त्यानं दोन स्वेटर घालायला लावले, त्यावर स्वतःचा जुना लांब कोट चढवला आणि कोटाच्या खिशांत औषधं, रक्तदाब बघायचं यंत्र, चपलांचा एक जोड आणि चष्म्याचे दोन डबे भरले. भर उन्हात आई चालत्या कपाटासारखी दिसत होती. टॅक्सीवाल्यानं तिच्यासाठी दार उघडलं आणि काळजीनं विचारलं, "बरं नाही का यांना?"

"एकदम ठणठणीत," सवलतराव म्हणाला.

विमानतळावर खिडकीपाशी एक तरुण, नीटनेटकी मुलगी होती. तिनं कागद चाळले, पडद्याकडे पाहिलं, मग हसून विचारलं, "आजी, परतीचं तिकीट?"

"परतीचं नंतर काढणार आहोत," सवलतराव पुढे सरसावला.

"यांचा व्हिसा पाहुण्यांचा आहे, सर. परतीचं तिकीट दाखवल्याशिवाय मला विमानात बसवता येणार नाही."

"असं कुठे लिहिलंय?"

तिनं ते कुठे लिहिलंय ते दाखवलं. बारीक अक्षरात, पण लिहिलं होतं. बारीक अक्षरांवर दावे नाकारून ज्यानं पोट भरलं, त्याला आता बारीक अक्षरांनीच आडवं पाडलं. त्यानं वाद घातला, साहेबांना बोलवा म्हणाला. साहेब आले आणि तेच म्हणाले. मागे रांग वाढत होती. एका लहान पोरीनं मोठ्यानं विचारलं, "बाबा, त्या आजींनी इतके कपडे का घातलेत?" सवलतरावाच्या कानाच्या पाळ्या तापल्या.

त्यानं फोन काढला. डोक्यात विचार सरळ होता: रद्द करता येणारं महाग तिकीट काढायचं, खिडकीला दाखवायचं, आई विमानात बसली की रद्द करून पैसे परत घ्यायचे. पण डोकं एक सांगत होतं आणि बोटांना दुसरीच सवय होती. बोटांनी आजवर हजारो वेळा जे केलं तेच केलं. 'सर्वांत स्वस्त' वर टेकली, पाच महिन्यांनंतरची एक पडेल तारीख निवडली आणि पैसे भरून मोकळी झाली. मग त्यानं खालची ओळ वाचली. परतावा नाही. तारीख बदलता येणार नाही. नाव बदलता येणार नाही.

"झालं का?" आईनं विचारलं.

"झालं."

"चला. म्हणजे मी परत यायची."

"ते नुसतं दाखवायला आहे," त्याच्या तोंडून निघून गेलं.

खिडकीतली मुलगी एकाएकी आपल्या कळफलकाकडे बघायला लागली. आईनं कोटाचं वरचं बटण लावलं, मग काढलं.

"असं होय," ती म्हणाली.

मुलीनं दोन पास छापले आणि दोन्ही आईच्या हातात दिले. "आजी, हा पहिल्या विमानाचा, हा दुसऱ्याचा. शेवटपर्यंत जपून ठेवा." आईनं ते दोन्ही पास नीट एकावर एक ठेवून पर्समध्ये घातले. आत जाताना तिनं मागे वळून पाहिलं आणि एवढंच म्हणाली, "जेवायच्या आधी हात धूत जा. अजून तसाच बसतोस."

दुसऱ्या दिवशी ऑफिसात त्याचा फोन वाजला. धाकटा होता.

"दादा, आई कुठेय?"

"तुझ्याकडे."

"माझ्याकडे नाहीये! विमान येऊन सहा तास झाले, सगळा विमानतळ पालथा घातला. सगळे बाहेर आले. वैमानिक आले, हवाईसुंदऱ्या आल्या, व्हीलचेअरवरची माणसं आली. आई नाही."

"नीट बघितलंस का? तिनं कोट घातलाय."

"कोट इथे सगळ्यांनीच घातलाय! तू तिला काय सांगून पाठवलंस?"

"उतर म्हणून सांगितलं! साधं उतरायचं होतं. एवढंसुद्धा..."

"इतकी म्हातारी बाई एकटी, मधेच उतर, हे सोड, ते करू नकोस! थोडे पैसे वाचवायला आई हरवलीस तू!"

"मी हरवली? तुझ्या शहरात हरवली!"

आई नेमकी कुणाच्या हद्दीत हरवली यावर भावाभावांत जुंपली. टायपिस्ट बाई टाइप करायच्या थांबल्या. इतक्यात सवलतरावाच्या फोनवर दुसरी घंटा यायला लागली. अनोळखी नंबर होता. त्यानं धाकट्याला थांबवून तो घेतला.

"मी पोहोचले रे," आई म्हणाली.

"कुठे?"

"तिकिटावर लिहिलंय तिथे. मेट्रनकडे. तिचाच फोन आहे हा, माझा इकडे लागत नाही."

"आई! मधे उतरायचं होतं ना तुला!"

"उतरले की. पासपोर्टवर शिक्का मारून घेतला. मग एका मुलीला विचारलं, पुढचं विमान कुठून सुटतं. तिनं हाताला धरून नेलं बिचारीनं. तिथे गेले तर माझंच नाव पुकारत होते. आता आपलं नाव पुकारल्यावर तोंड लपवून बाहेर पळायचं का? वॉर्डात कुणी हाक मारली आणि मी बसून राहिले, असं कधी झालं नाही."

"पण तिकडे जायचं तू ठरवलंस कधी?"

"खिडकीपाशी. तू दाखवायच्या तिकिटाचं बोललास ना, तेव्हा. आत जाऊन बसल्यावर मेट्रनला फोन केला. म्हटलं, माझं तिकीट तुझ्या गावापर्यंतच आहे. ती रडायलाच लागली. मग मी तिला ओरडले." मागून एक जाडाभरडा आवाज काहीतरी म्हणाला. "हो गं, सांगते. ती म्हणतेय, तुझा मुलगा हुशार आहे, इतक्या स्वस्तात आणून सोडलं."

त्यानं धाकट्याला बातमी कळवली. धाकट्याच्या आवाजातली काळजी इतक्या झटकन ओसरली, की त्यालाच ते जाणवलं असावं. "छान छान. मैत्रिणीकडे रमेल ती," तो म्हणाला, आणि लाज राखायला पुढे जोडलं, "आम्ही जाऊ की एखाद्या रविवारी भेटायला."

इकडे आठवड्याच्या आत चालायचं यंत्र आलं. दोन माणसांनी त्याचे सुटे भाग आईच्या खोलीत नेले, तिथेच बसून ते जोडलं, आणि दुपारभरात खोलीत एक काळाकभिन्न हत्ती उभा राहिला. बायको पहिला आठवडा त्याच्यावर नेमानं चालली. दुसऱ्या आठवड्यात तिला कळलं, की समोर भिंत असली तर चालताना कंटाळा येतो. तिसऱ्या आठवड्यापासून यंत्राच्या दांड्यांवर टॉवेल वाळायला लागले. ऊन चांगलं येत होतं.

आईचे फोन यायचे, पण आखूड. तिला वेळ नसे. मेट्रनला रोज काठी धरून चालवायचं, तिची कुरकुर ऐकायची, तिच्याशी भांडायचं. शेजारचे दोन-तीन म्हातारे रक्तदाब बघून घ्यायला येऊ लागले होते. धाकटा एकदा जाऊन आला आणि म्हणाला, "आई मला ओळखूच आली नाही, दादा. ती कुणालातरी झापत होती आणि खूश होती."

पाचवा महिना लागला आणि सवलतरावाची झोप उडाली. त्या परतीच्या तिकिटाची तारीख जवळ येत होती. पैसे भरलेली, पक्की, कुणालाही देता न येणारी एक जागा अर्धी पृथ्वी ओलांडून रिकामी येणार होती. आईची पुढच्या विमानातली जागा रिकामी जाणार होती तेव्हा त्याला काही वाटलं नव्हतं. ती कंपनीची होती. ही त्याची होती. त्यानं कंपनीला फोन केला, पत्रं लिहिली, आजारपणाची सबब सांगून पाहिली. सगळीकडून बारीक अक्षरातली तीच ओळ परत आली. नाकारण्याची भाषा त्याला तोंडपाठ होती; ती अशी आपल्यालाच ऐकायला लागेल असं त्याला वाटलं नव्हतं.

शेवटी त्यानं आईला फोन केला.

"आई, पुढच्या महिन्यात तुझं परतीचं तिकीट आहे."

"ते दाखवायचं होतं ना? दाखवलं की."

"अगं पण खरं आहे ते. पैसे भरलेले आहेत. ये तू. धाकट्याच्या शहरापर्यंत तो तुला घेऊन येईल."

"मेट्रनचं अजून जिने चढणं व्हायचंय."

"तिची लेक आहे ना! आणि ते रद्द होत नाही, तारीख बदलत नाही. वाया जाईल ते सगळं."

"मला बोलावतोयस, की ते तिकीट वाया जाऊ नये म्हणून बोलावतोयस?"

असल्या प्रश्नाचं उत्तर पहिल्या श्वासात द्यायचं असतं. सवलतरावाला तीन-चार श्वास लागले.

"दोन्ही," तो म्हणाला.

"बरं," आई म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. ताप उतरला की चढला ते बघून तक्त्यावर लिहावं, तसा तो आवाज होता. "ठेवते. हिला चालवायची वेळ झाली."

परतीचं विमान सुटायच्या आदल्या दिवशी सवलतरावानं ऑफिसात बसून आईच्या नावानं विमानात ऑनलाइन हजेरी लावली, म्हणजे चेक-इन केलं. आई येणार नाही हे त्याला ठाऊक होतं. पण हजेरी लावायला वेगळे पैसे पडत नव्हते, आणि जे फुकट आहे ते सोडणं त्याच्या रक्तात नव्हतं. पडद्यावर खुर्च्यांचा नकाशा आला. कुठली जागा हवी, खिडकीची की वाटेकडची? तो अडला. आईला काय आवडतं, ते त्याला माहीत नव्हतं. त्यानं धाकट्याला विचारलं. "मला कसं माहीत असणार? तिलाच विचार ना," धाकटा म्हणाला. विचारायचं धाडस काही झालं नाही. त्यानं खिडकीची घेतली.

विमान उतरायच्या दिवशी दाताचं निमित्त सांगून तो ऑफिसातून निघाला आणि विमानतळावर गेला. का गेला, हे त्याला टॅक्सीतही कळलं नाही आणि तिथे पोहोचल्यावरही कळलं नाही. दारातून माणसं बाहेर येत होती. कुणी गळ्यात पडत होतं, कुणी ढकलगाडी अंगावर घालत होतं. एका म्हाताऱ्या बाईनं अंगात दोन स्वेटर घातलेले दिसले आणि सवलतराव दोन पावलं पुढे गेला. ती दुसऱ्याच कुणाची तरी आई होती. तिच्या मुलानं तिच्या हातातली पिशवी घेतली आणि म्हणाला, "किती जड केलीस गं!" वैमानिक आले, हवाईसुंदऱ्या आल्या, व्हीलचेअरवरची माणसं आली. मग दार मिटलं आणि फरशी पुसणारा आला.

"कुणाला घ्यायला आलात?" त्यानं विचारलं.

"आईला."

"आल्या नाहीत?"

"तिकीट होतं तिचं," सवलतराव म्हणाला. फरशी पुसणाऱ्यानं समजल्यासारखी मान हलवली आणि त्याला जरा बाजूला व्हायला सांगितलं.

बाजूला होऊन त्यानं फोन लावला. मेट्रननं उचलला.

"ती खाली गेलीय, शेजारच्याचा रक्तदाब बघायला. काही निरोप सांगू?"

सवलतरावानं डोक्यात शोधलं. तिथे सगळे तिकिटांचेच निरोप होते. ते बाजूला सारून त्याला जे सापडलं ते तो बोलून गेला. "तिला म्हणावं, तिची खोली रिकामी आहे."

"सांगते हो," मेट्रन म्हणाली. "पण खोली आहे बरं का तिला इथे. खिडकीतून बंदर दिसतं."

घरी आल्यावर तो बूटसुद्धा न काढता आईच्या खोलीत गेला. यंत्रावरचे टॉवेल त्यानं पलंगावर फेकले, दोन्ही हातांनी दांड्या धरल्या आणि यंत्र दाराकडे ओढायला लागला. फरशीवर करकर आवाज करत ते दारापर्यंत आलं आणि चौकटीत अडकलं. त्यानं ते तिरकं करून पाहिलं, उलटं वळवून पाहिलं. आवाज ऐकून बायको आली. यंत्र दारात आडवं असल्यामुळे तिला बाहेरच उभं राहावं लागलं.

"हे काय चाललंय? आई येतायत का?"

"नाही."

"येणार आहेत का?"

"माहीत नाही."

"मग हे कशाला?"

सवलतराव धापा टाकत खाली बसला. यंत्राच्या पोटाखालचे बोल्ट त्यानं एकेक करून हातानं चाचपले. फार घट्ट होते. "आपल्याकडे पाना आहे का गं?" त्यानं विचारलं.

"नाही. शेजाऱ्यांकडे असेल."

"मग विकतच आण," तो म्हणाला. "समोरच्या दुकानातून. मिळेल तो आण."

बायको पर्स घेऊन जिना उतरली.